नावं खोडा, मग उत्तर लिहा

प्रत्येक ऑफिसात असा एक नमुना असतोच. लंच अवरला बाकीची जनता आयपीएल नाहीतर अप्रेझलवर तावातावाने बोलत असते आणि हा (किंवा ही) कोपऱ्यातल्या टेबलावर डब्याला टेकवून एक जाडजूड पुस्तक वाचत असतो. विचारलंत, की ओशाळं हसून सांगणार, 'काही नाही गं, एलएलबी करतोय. असंच.' हे 'असंच' वाटतं तितकं साधं नसतं. कुणाला बॉसला दाखवून द्यायचं असतं, कुणाला सोसायटीच्या सेक्रेटरीला, कुणाला एचआरमधून लीगलमध्ये उडी मारायची असते, आणि काहींना खरोखरच काळा कोट घालायचा असतो.

मी त्यातलीच. आम्ही चौघं आहोत. चौघंही मीरा-भाईंदरचे, चौघंही नोकरीवाले. रविवारी सकाळी मीरा रोडला माझ्या घरी जमतो, आईच्या पोह्यांच्या बदल्यात एकमेकांना ज्ञान पाजतो आणि बारा वाजता आपापल्या घरी जेवायला जातो. कॉन्ट्रॅक्ट सोपं जातं, कारण ऑफिसात रोज तेच करतो. टॉर्ट्स म्हणजे तर गोष्टीच, बाटलीत गोगलगाय सापडली वगैरे. पण कॉन्स्टिट्यूशनचा मोठा प्रश्न आला, की भल्याभल्यांच्या पेनातून शाळेतला प्रजासत्ताक दिन बाहेर पडतो. 'भारताची राज्यघटना ही जगातील सर्वांत मोठ्या लिखित राज्यघटनांपैकी एक असून...' पहिलं पान इथेच खलास. प्रश्न काय होता? ते दुसऱ्या पानावर बघू!

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'सूट्स' सीरियल बघून आलेली पब्लिक विचारते, बार एक्झामला निबंध लिहावे लागतात ना? लागतात, अमेरिकेत. आपली ऑल इंडिया बार एक्झामिनेशन, म्हणजे एआयबीई, २०११ मध्ये पहिल्यांदा झाली तेव्हापासून ऑब्जेक्टिव्ह आहे. शंभर प्रश्न, चारातला एक पर्याय, निगेटिव्ह मार्किंग नाही, मराठीतूनही देता येते. त्यातले दहा प्रश्न घटनेवरचे. पूर्वी पुस्तकं मांडून बसता यायचं. २०२१ पासून टिपा नसलेले बेअर अ‍ॅक्ट तेवढे चालतात. पासिंग ओपनसाठी २०२३ मध्ये ४० टक्क्यांवरून ४५ वर गेलं. आणि खिशाला बरं वाटावं म्हणून सांगते, ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं, की सनदेची फी कायद्यात लिहिलीय तेवढीच घ्या, म्हणजे ओपनला ७५० रुपये. राज्याराज्यांतल्या बार कौन्सिली तोपर्यंत हजारोंत घेत होत्या. ही केससुद्धा घटनेचीच होती, समानता आणि व्यवसायाचं स्वातंत्र्य. निबंधात टाकायला झकास उदाहरण.

मग निबंध येतो कुठे? एलएलबीच्या पेपरात येतो, तिथे लांबलचक उत्तरंही असतात आणि 'रमेशला पोलिसांनी अमुक केले, त्याचे हक्क सांगा' छापाचे प्रॉब्लेमही असतात. यूपीएससीवाल्यांना जनरल स्टडीजमध्ये येतो. आणि सगळ्यांत वर, सुप्रीम कोर्टाची अ‍ॅडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड परीक्षा. चार वर्षं वकिली, मग वर्षभर एखाद्या जुन्या ऑन-रेकॉर्डच्या हाताखाली ट्रेनिंग, मग चार लेखी पेपर, त्यातला एक पेपर नुसता 'लीडिंग केसेस'चा. प्रत्येकात निदान ५० टक्के आणि एकूण ६०. तिथे अ-ब-क-ड नाही. एआयबीई विचारते 'कोणतं कलम?' आणि निबंध विचारतो 'बरं, मग?' या 'बरं, मग'ची तयारी पाठांतराने होत नाही. त्यासाठी काय लागतं ते आम्हाला मीरा रोडच्या रस्त्यावर सापडलं. त्याची गोष्ट सांगते, पण आधी थोडं ट्रेनविषयी.

मला मूलभूत हक्क समजले ते विरार लोकलच्या लेडीज डब्यात. मीरा रोडच्या बाईकडे पास असतो, म्हणजे चढायचा हक्क आहे. पण दारातल्या ग्रुपने मनाशी ठरवलेलं असतं, की विरार गाडीत मीरा रोडवालीने चढूच नये, तिच्यासाठी भाईंदर लोकल आहे ना! आता प्रश्न असा, की दारातल्या बाईने कोपर मारलं तर अनुच्छेद १९ चा भंग झाला का? चारातले तीन विद्यार्थी 'हो' लिहितात. देशात कुठेही मुक्तपणे फिरण्याचा हक्क, १९(१)(डी), झालं. पण बॉस, हे हक्क मुळात कुणाविरुद्ध आहेत? राज्यसंस्थेविरुद्ध. अनुच्छेद १२ उघडा: केंद्र, राज्य, त्यांची विधिमंडळं, स्थानिक प्राधिकरणं आणि 'इतर प्राधिकरणं'. दारातली बाई कितीही अधिकाराने बोलली तरी ती यात बसत नाही. उद्या रेल्वेनेच सर्क्युलर काढलं, की मीरा रोडच्या प्रवाशांना विरार गाडीत चढता येणार नाही, तर मात्र गाठ घटनेशी.

मग रेल्वे म्हणेल, गर्दीत माणसं पडून मरतात, म्हणून केलं. तिथून खरा निबंध सुरू होतो. निर्बंध 'वाजवी' आहे की नाही हे बघायला २०१६-१७ नंतर कोर्टं चार प्रश्न विचारतात. उद्देश योग्य आहे का? उपाय त्या उद्देशाशी जोडलेला आहे का? याहून सौम्य उपाय होता का, जसं की डबे वाढवणं? आणि लोकांचं होणारं नुकसान मिळणाऱ्या फायद्याच्या मानाने फार तर नाही ना? याला 'प्रपोर्शनॅलिटी' म्हणतात. हे चार प्रश्न लिहून त्यात प्रश्नपत्रिकेतली माहिती एकेक करून बसवलीत, की निम्मा निबंध तयार.

केशवानंद भारती कुठे आला? कुठेच नाही! १९७३ ची केस, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा, घटनेची मूलभूत चौकट, सगळं मान्य. पण घटनादुरुस्तीचा प्रश्न नसेल तर त्याला घरी बसू द्या. आपले विद्यार्थी केशवानंद कोथिंबिरीसारखा वापरतात, कांदेपोह्यांवर पण आणि श्रीखंडावर पण.

आणखी एक. केसेस दिल्लीत घडतात असं वाटत असेल तर आपल्याच लाइनचा नकाशा बघा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली, त्यावर फेसबुकवर लिहिलं आणि ते लाइक केलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. त्या अटकेने हादरून दिल्लीच्या श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला आयटी कायद्याचं कलम ६६ए रद्द झालं. त्या निकालात केलेला एक फरक मला रोज उपयोगी पडतो: चर्चा वेगळी, प्रचार वेगळा आणि चिथावणी वेगळी. पहिल्या दोन गोष्टी कितीही झोंबल्या तरी सरकारला हात लावता येत नाही. चिथावणी सुरू झाली, की निर्बंधांचा दरवाजा उघडतो.

आता आमच्या रविवारची गोष्ट.

२०२५ चा जून संपता संपता मीरा रोडला मराठी बोलण्याच्या वादातून एका दुकानदाराला मारहाण झाली. व्हिडिओ देशभर फिरला. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून मोर्चा काढला. ८ जुलैला मराठी संघटना आणि मनसेचा मोर्चा ठरला. मागितलेल्या मार्गाला पोलिसांनी परवानगी नाकारली, काही नेत्यांना आधीच ताब्यात घेतलं, तरी लोक जमले आणि शेवटी मोर्चा निघालाच. लगोलग पोलीस आयुक्तांची बदली झाली. 'त्यांना चालतं मग आम्हाला का नाही?' हा सवाल त्या आठवड्यात मीरा रोडच्या प्रत्येक रिक्षात ऐकू येत होता.

आमच्या ग्रुपचं सांगायचं तर एक जण मारवाडी, त्याच्या काकांचं दुकान ३ तारखेला बंद होतं. ८ तारखेच्या मोर्चात माझा मावसभाऊ होता. एक मुलगी नयानगरची. चौथा उत्तनचा, घरी मराठी बोलणारा ख्रिश्चन, चर्चमधली मास आटपून येतो म्हणून नेहमी अर्धा तास लेट. त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकही मेसेज पडला नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर शांतता, विचार करा! रविवारी सगळे आले, पण पोहे नुसते चिवडले गेले. मारवाडी मित्र म्हणाला, 'तू मला एकदा सरळ सांग, तुझं म्हणणं काय आहे?' आणि मी म्हटलं, 'तू आधी सांग.' आता इथून पुढे काहीही होऊ शकलं असतं.

वाचवलं उत्तनवाल्याने. तो बँकेत कम्प्लायन्सला आहे, भावना वगैरे भानगडी त्याला कळत नाहीत. त्याने वहीचं पान फाडलं आणि लिहिलं: 'म' या शहरात 'प' गटाने गुरुवारी मोर्चा काढला. त्यानंतरच्या मंगळवारी 'फ' गटाने मोर्चाची परवानगी मागितली. पोलिसांनी सुव्यवस्थेचं कारण देऊन मार्ग नाकारला आणि 'फ' गटाच्या काही लोकांना आधीच ताब्यात घेतलं. 'फ' गटाचे हक्क आणि पोलिसांचे अधिकार यांची चर्चा करा. पंधरा मार्क. 'फ' च्या बाजूने मारवाडी लिहील, पोलिसांच्या बाजूने ही लिहील. ही म्हणजे मी! वेळ अर्धा तास. मोबाइल बाहेर.

मावसभाऊ मोर्चात आणि मी पोलिसांची वकील. पहिली दहा मिनिटं माझं पेन हललं नाही. समोर बघितलं तर मित्राचंही तेच. मग हळूहळू चालायला लागलं, कारण 'फ' हे अक्षर ना मराठी असतं ना मारवाडी.

त्याने काय लिहिलं ते आधी सांगते, कारण ते माझ्याहून सरस होतं. सुरुवात १९(१)(बी) ने, शांततेने आणि शस्त्राशिवाय एकत्र जमण्याचा हक्क. मग हिंमतलाल शाह विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त, एआयआर १९७३. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्याचं सरकारने नियमन करावं, पण सभेचा हक्कच गिळून टाकू नये. आणि परवानगी द्यायची की नाही हे कोणत्याही निकषांशिवाय अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम टिकत नाही. मग २०२० चा अनुराधा भसीन निकाल: जमावबंदीचं जुनं कलम १४४ (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३) रास्त मतं दडपायला वापरता येत नाही, आदेशाला कारणं लागतात आणि ते आदेश जाहीर करावे लागतात. आणि शेवटी अनुच्छेद १४. तिथे त्याने एक वाक्य लिहिलं होतं: गुरुवारी जे चाललं ते मंगळवारी का चालत नाही, याचं कारण पोलिसांच्या फाइलवर मंगळवारच्या आधी लिहिलेलं दिसलं पाहिजे. ज्याच्या काकांचं दुकान गुरुवारी बंद होतं, त्याने हे लिहिलं.

माझी बाजू तशी दुबळी नव्हती. १९(३): देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यासाठी वाजवी निर्बंध चालतात. त्याला भक्कम आधार आपल्याच राज्यातला, बाबुलाल पराते विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६१. नागपूरच्या गिरणी कामगारांच्या तंट्यात जमावबंदी लावली होती आणि सुप्रीम कोर्टाने कलम १४४ वैध ठरवलं. दंगल पेटेपर्यंत सरकारने हातावर हात ठेवून बसावं असं घटना सांगत नाही. मग शाहीनबागेचा २०२० चा निकाल, आंदोलनाचा हक्क आहे पण रस्ता बेमुदत अडवण्याचा नाही. आणि माझं हुकमाचं पान: मार्ग बदलायला सांगणं म्हणजे बंदी नव्हे, नियमन. इथे उत्तनवाला म्हणाला, 'आमच्या चर्चच्या मिरवणुकीलाही रूट लिहून द्यावा लागतो, आम्ही कधी हायकोर्टात गेलो नाही.' मी खूश. पण तोच पुढे म्हणाला, 'पण आमच्यातल्या कुणाला आदल्या रात्री उचलत नाहीत. मार्ग नाकारणं नियमन असेल, पण माणसं आधीच ताब्यात घेण्याचं समर्थन तुझ्या उत्तरात कुठाय?' नव्हतं. प्रश्नात दोन कृती होत्या, त्यांची तपासणी वेगवेगळी करायची असते. पेपर तपासणारे नेमके इथे मार्क कापतात.

बाबासाहेबांचा एक मुद्दा मी मुद्दाम घातला होता. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी बजावलं होतं, की सनदशीर मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रह, असहकार यांसारखे मार्ग सोडून द्यायला हवेत. हे बोलणारा माणूस महाडचा सत्याग्रह केलेला होता, १९३५ पासून काही वर्षं चर्चगेटच्या सरकारी लॉ कॉलेजचा प्राचार्यही होता. आपल्याकडे त्यांचं नाव निबंधात फक्त आरती ओवाळायला येतं. त्यांचा युक्तिवाद वापरा ना! त्याच्याशी वादही घाला. परवानगी मागून काढलेला मोर्चा हाही सनदशीर मार्गच आहे, असं मित्राने लगेच समासात लिहिलंच.

नयानगरवाली तोपर्यंत गप्प होती. तिने दोघांचे कागद घेतले आणि म्हणाली, 'थप्पड कुठे गेली?' आम्ही सोयीस्करपणे वगळली होती. तिने मग प्रश्नात एक ओळ वाढवली: 'फ' शी सहानुभूती असलेल्या दोन माणसांनी 'प' मधल्या एकाला मारलं. कोणता हक्क? आम्ही दोघं एकसुरात, 'अनुच्छेद २१!' ती हसली. मारणारा माणूस राज्यसंस्था आहे का? लेडीज डब्याचं कोपर आठवा. मारहाण हा पहिल्यांदा भारतीय न्याय संहितेखालचा गुन्हा आहे, आणि घटना तिथे येते ती पोलिसांनी कारवाई केली नाही तर. मात्र ३ जानेवारी २०२३ ला कौशल किशोर खटल्यात घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने म्हटलं, की १९ आणि २१ खालचे हक्क राज्यसंस्थेखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात. त्या एका न्यायमूर्तींचं वेगळं मत काय होतं हेही दोन ओळींत लिहा, बहुमताइतकेच मार्क त्याला असतात.

भाषेचं काय? यावर मात्र आमची खरी जुंपली. मी मराठी, दुकानात मराठीतच बोलते, समोरच्याने 'भाभीजी' म्हटलं तरी मराठीतच उत्तर देते, आणि वीस वर्षं इथे राहून 'किती झाले' एवढंही न येणाऱ्यांचा मला राग येतो. तो राग उत्तरपत्रिकेत लिहिता येत नाही, कारण त्याला कलम सापडत नाही. अनुच्छेद ३४५ खाली राज्य आपली राजभाषा ठरवतं, आपला राजभाषा अधिनियम १९६४ चा. तो सरकारी कामकाजाला बांधतो. दुकानाच्या पाटीसाठी वेगळा कायदा आहे, २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम आणि त्यातली २०२२ ची दुरुस्ती. व्यापाऱ्यांची संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेली, फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने याचिका फेटाळून वर २५ हजारांचा खर्च लावला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांत मराठी पाट्या लावा म्हणून सांगितलं. शाळेतल्या मराठीचं २००४ मध्येच ठरलं: गुजराती माध्यमाच्या शाळांनी सक्तीच्या मराठीला आव्हान दिलं होतं आणि सुप्रीम कोर्टाने सरकारचं म्हणणं उचलून धरलं, उषा मेहता विरुद्ध महाराष्ट्र. मारवाडी मित्राला ही केस माहीतच नव्हती. माझी कॉलर ताठ! पण मग नयानगरवालीने अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेची केस काढली. पाटीवर मराठीच्या खाली उर्दू होतं, ते काढा म्हणून मागणी होती. १५ एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ती नाकारली, मराठीसोबत उर्दू वापरायला कायद्याची मनाई नाही म्हणून. म्हणजे पाटीवर मराठी हवीच, शाळेत मराठी हवीच, पण तिच्या शेजारी दुसरी भाषा उभी राहिली तर तिला हाकलता येत नाही. आणि काउंटरमागचा माणूस गिऱ्हाइकाशी कुठल्या भाषेत बोलेल, यावर कायदा गप्प आहे. माझ्या रागासकट मला ते लिहावं लागलं.

त्यानंतर आम्ही प्रत्येक प्रश्नाला हा नियम लावला. नावं खोडायची, बाजू उलटी घ्यायची, लिहायचं, मग नावं परत भरायची. नावं भरल्यावर उत्तर बदलावंसं वाटलं, तर उत्तर मुळात कच्चं होतं.

सगळ्यांत जड गेला तो नयानगरचा प्रश्न. अयोध्येच्या सोहळ्याच्या आदल्या रात्री, २१ जानेवारी २०२४ ला, तिथे हाणामारी झाली आणि दोन दिवसांत त्याच भागातल्या काही बांधकामांवर बुलडोझर चालला. ती राहते तिथून हे पाच मिनिटांवर. तिने ठरवून महापालिकेच्या बाजूने लिहिलं: अनधिकृत बांधकाम पाडणं हे पालिकेचं कायद्याने दिलेलं काम आहे, अतिक्रमणाला मूलभूत हक्क नाही. लिहिताना तिचा चेहरा बघवत नव्हता, पण अक्षर जराही हललं नाही. दुसरी बाजू मी लिहिली. १३ नोव्हेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल: आरोप आहे म्हणून घर पाडणं म्हणजे प्रशासनाने न्यायाधीश होणं; निवारा हा अनुच्छेद २१ चा भाग; पंधरा दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह आदेश. अपवाद रस्ता, फूटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांचा. तिने वाचलं आणि लाल पेनाने लिहिलं, 'निकाल नंतरचा आहे. घटनेच्या दिवशी कायदा काय होता ते लिही.' तिचं बरोबर होतं. मग १९८५ चा ओल्गा टेलिस आणला. फूटपाथवर राहणाऱ्यालाही हटवण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायची संधी द्या, हे त्यात आधीच होतं.

उत्तर संपवताना बरेच जण 'अशा प्रकारे घटना महान आहे' लिहून मोकळे होतात. त्याऐवजी काय मागणार आणि कुठे मागणार ते लिहा. मार्च २०२५ पासून मीरा-भाईंदरला स्वतःचं दिवाणी आणि फौजदारी कोर्ट आहे, ठाण्याच्या खेपा वाचल्या. मारहाणीची केस तिथे चालेल. पण मोर्चाची परवानगी नाकारली म्हणून रिट हवी असेल तर गाडी पकडून फोर्टलाच जावं लागणार, अनुच्छेद २२६ खाली मुंबई हायकोर्टात.

आता थोडं ऑफिसवाल्यांपुरतं. आपला खरा शत्रू घटना नाही, पेन आहे. दहा वर्षं कीबोर्ड बडवून हाताला लिहायची सवय राहिलेली नाही. चौथ्या पानावर मनगट संप पुकारतं आणि अक्षर डॉक्टरांसारखं होतं. रोज एक पान हाताने लिहा, मग भले ऑफिसच्या मीटिंगच्या नोट्स का असेनात. मराठीतून लिहिणाऱ्यांनी छापील संविधान जवळ ठेवा, तिथे 'कलम' नाही 'अनुच्छेद' असतो आणि ए-बी-सी ऐवजी क-ख-ग असतं, त्यामुळे १९(१)(बी) म्हणजे १९(१)(ख). केसचं वर्ष आठवत नसेल तर ठोकून देऊ नका, मुद्दा लिहा आणि पुढे चला. आणि यूट्यूबवरचे 'दहा मिनिटांत घटना' छाप व्हिडिओ झोप लागत नसेल तर उत्तम.

या रविवारचा प्रश्न मी काढलाय. पाहिजे तर तुम्हीही लिहा, पण रोज भाजी जिथून घेता त्या माणसाच्या विरुद्ध बाजूने. 'म' शहराच्या स्टेशनबाहेर 'च' बारा वर्षं पथारी लावतो. स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई आहे म्हणून पालिकेने त्याचा माल उचलला. 'छ' या रोजच्या प्रवाशाला त्या गर्दीतून वाट काढताना रोज गाडी चुकते. सोदान सिंग (१९८९), पथविक्रेता अधिनियम (२०१४) आणि मुंबई हायकोर्टाचा २०१७ चा निकाल यांच्या आधारे 'च' आणि 'छ' या दोघांच्या हक्कांची चर्चा करा. पंधरा मार्क, वेळ अर्धा तास, मोबाइल बाहेर.